समुद्राच्या बदल्यात

"मे महिन्यात मद्रास? काऊन, कोनी शिक्षा देल्ली का?"

हे वाक्य माझ्या पाठीमागून आलं, आणि त्याच क्षणी माझ्या डाव्या पायावर गार पाण्याची धार पडली. मी जळगाव जामोदच्या पोस्टात उभी होते. मद्रासच्या धर्मशाळेला पत्र पोचायला किती दिवस लागतील, एवढंच पोस्टमास्तरांना विचारत होते. मागं वळून पाहिलं तर एक उंच, सावळा माणूस. खांद्यावर ओल्या गोणपाटात गुंडाळलेली विड्याच्या पानांची करंडी, आणि ती करंडी माझ्या नव्या चपलेवर निवांत ठिबकत होती.

"शिक्षा नाही, सहल आहे," मी सातवीच्या वर्गात वापरते त्या आवाजात म्हटलं.

"सहल तं थंड्या जागी करतेत, बाई."

"समुद्राकाठी थंडच असतं."

तो हसला. तोंडानं नाही, नुसता डोळ्यांनी, आणि मला त्याचा भयंकर राग आला. तुम्ही कधी पाहिलाय का समुद्र, असं मी विचारलं. आमच्या भागात या प्रश्नाला सगळे गप्प बसतात. हा गप्प बसला नाही.

"आठ महिने पाह्यला," तो म्हणाला. "रोज."

माझा राग तिथंच संपला. चपलेचंही मी विसरले.

तेव्हा महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. मी अन्नपूर्णा, मूळची मेहकर तालुक्यातल्या डोणगावची, इथल्या मुलींच्या शाळेत तीन वर्षांपासून शिकवत होते. मी पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे पेनगंगेचा पूर. नऊ वर्षांची असताना नकाशात खालचा निळा रंग पाहिला, आणि तेव्हापासून मला समुद्राचं जे वेड लागलं ते काही केल्या उतरेना. भूगोल शिकवताना दक्षिणेचा किनारा आला की मी दोन तास जास्त घ्यायची. मुली आपसांत हसायच्या.

त्या जानेवारीत आमच्या मुख्याध्यापिका गीताबाईंनी जाहीर केलं की उन्हाळ्याच्या सुट्टीत दक्षिणेची सहल काढायची. नांदुऱ्याहून वर्धा, वर्ध्याहून मद्रास, तिथून रामेश्वर आणि कन्याकुमारी. सात जण. माझं जेवण सुटलं. आता माय, म्हणजे माझी आई कौशल्याबाई, हो म्हणते की नाही एवढाच प्रश्न होता. वडील गेल्यापासून घरातला शेवटचा शब्द तिचा.

मायनं हो म्हटलं, पण फुकट नाही म्हटलं. "जाय," ती म्हणाली, "पन वापस आली की मेहकरचे लोक तुले पाहाले येतीन. मंग नाई म्हनाचं नाई." मेहकरचा मुलगा कचेरीत कारकून होता. मी त्याला पाहिलेलं नव्हतं, त्याचं नावही धड विचारलं नाही. समुद्र दिसणार म्हटल्यावर मी एका दमात "बरं" म्हणून मोकळी झाले. समुद्राच्या बदल्यात मी काय देऊन बसले, हे मला तेव्हा कळलं नाही. कळायला इंद्रभान भेटावा लागला.

इंद्रभान म्हणजे तोच, करंडीवाला. त्यांचा पानमळा होता, गावाबाहेर, सातपुड्याच्या अंगाला. सहा वर्षांपूर्वी मळ्यातल्या वेलींवर मर रोग आला, सगळ्या वेली वाळून बसल्या. तेव्हा त्याच्या वडिलांनी, उकंडरावांनी, नवं बेणं आणायला त्याला मद्रासकडे धाडलं. गेला होता पंधरा दिवसांसाठी. समुद्राजवळच्या एका मळेवाल्याकडे राहिला, काम शिकला, आणि आठ महिन्यांनी बेणं घेऊन परतला. हे सगळं मी पोस्टाच्या पायरीवर उभं राहून काढून घेतलं. मग गीताबाईंना जाऊन सांगितलं की सहलीला अनुभवी माणसाचा सल्ला हवा. सहलीला हवा होता की मला, ते गीताबाईंनी विचारलं नाही.

दर गुरुवारी शाळा सुटली की ओट्यावर आमची बैठक भरायची. गीताबाईंनी सामानाची यादी केली होती. लू लागू नये म्हणून प्रत्येकाच्या खिशात कांदा, झालंच तर जास्तीचं अर्धं पोतं कांदे. पाण्याला तीन सुरया. गाडीच्या खिडकीला बांधायला वाळ्याचा पडदा. डोक्याला ओले पंचे. रात्री धर्मशाळेच्या गच्चीवर झोपायचं, म्हणजे वारा लागेल. वऱ्हाडातल्या माणसाला कुणी उन्हाळा शिकवू नये, असं त्यांचं स्पष्ट मत होतं.

इंद्रभान पायरीवर बसून यादी ऐकायचा. ऐकून झाली की शांतपणे म्हणायचा, कांदे खायाले न्या, लूसाठी नका नेऊ, तिथं लूच नाई. सुरईतलं पानी थंडं व्हनार नाई. वाळ्याचा पडदा वाळनारच नाई, तं थंडावा कुठून येनार. गीताबाई लालबुंद व्हायच्या. पाणी सुरईत गार होत नाही असा देश पृथ्वीवर असूच कसा शकतो, असं त्या म्हणायच्या. शेवटी एका गुरुवारी तो उठला आणि म्हणाला, "आइतवारी दुपारी मळ्यात या समदे. मद्रास दाखोतो."

एप्रिलमधली ती दुपार अजून अंगावर आहे. ओठ फुटत होते, नाकात झळ शिरत होती, रस्त्यात चिटपाखरू नव्हतं. मळ्याभोवती गवताचा उंच कूड होता. दारात चपला काढायच्या — पानमळ्यात कुणी पायताण घालून जात नाही, कलेक्टर आला तरी नाही. आम्ही वाकून आत गेलो, आणि मी थबकले. बाहेरचं पांढरं ऊन नाहीसं झालं. शेवरीच्या झाडांवर चढलेल्या वेली डोक्यावर मिळाल्या होत्या, पायाखाली चिखल गार होता, आणि हवा... हवा हलतच नव्हती. कपाळावर घाम आला. आमच्याकडे घाम येतो आणि आल्याआल्या उडून जातो. हा घाम तिथंच बसून राहिला. पोलकं पाठीला चिकटलं.

इंद्रभाननं दोन रुमाल मागितले. एक गीताबाईंचा, एक माझा. दोन्ही पाटाच्या पाण्यात बुचकळले. गीताबाईंचा बाहेर कुडावर टाकला, माझा आत वेलीवर. आमचं पाणी पिऊन होईतो बाहेरचा कडकडीत वाळला. माझा तसाच टपटपत होता. गीताबाईंनी यादी काढली आणि सुरयांवर काट मारली. मग सगळे विहिरीजवळ काकड्या खायला गेले. रुमाल वाळेपर्यंत मी थांबते, असं मी म्हटलं. तो अर्ध्या तासात वाळला नाही. अर्धा तास मी मोजला नाही, गीताबाईंनी मोजला.

"कसा असतो हो समुद्र?" मी विचारलं.

तो वेल बांधत होता. हात थांबवून त्यानं नीट विचार केला. "पयले आवाज येते," तो म्हणाला. "मंग वास. दिसते सगळ्यात शेवटी."

"आणि दिसला की?"

"मंग बोलाले काई सुचत नाई." हे तो माझ्याकडे बघत म्हणाला. मग चटकन खाली वाकला आणि बांधलेलीच वेल पुन्हा बांधायला लागला.

"तुम्ही का नाही येत आमच्याबरोबर?" माझ्या तोंडून गेलं.

"हे सोडून?" त्यानं वर वेलींकडे पाहिलं. "येक दिवस पानी चुकलं तं मान टाकते. उन्हाळ्यात पानमळेवाल्याले कुठीच जाता येत नाई, बाई. कोनाच्या लग्नाले नाई, कोनाच्या मयतीले नाई." मग हळूच म्हणाला, "पह्यल्यांदाच वाईट वाटून राह्यलं त्याचं."

त्यानंतर मला प्रश्न सुचायला लागले. मद्रासला नारळपाणी कुठं चांगलं, तिकडच्या भाताबरोबर काय खावं, तमिळमध्ये 'पुरे' कसं म्हणतात, लाटेत उभं राहिलं की पायाखालची वाळू खरंच सरकते का. गुरुवार पुरेनासे झाले. शाळेतून घरी जायचा रस्ता पानमळ्यावरून अर्धा कोस लांब पडायचा, मी तो जवळचा आहे असं स्वतःला समजावलं. आणखी एक अडचण झाली. आमच्याकडे कुठल्याही पुरुषाला 'भाऊ' म्हणायची पद्धत. पोस्टमन भाऊ, दूधवाला भाऊ, मोटारीचा कंडक्टर भाऊ. तिसऱ्या गुरुवारनंतर इंद्रभानला भाऊ म्हणायला माझी जीभच वळेना. नाव घेऊन हाक मारण्याची सोय नव्हती. मग मी नुसती खोकायची. त्याच्या वडिलांनी एकदा मला ज्येष्ठमधाची कांडी आणून दिली.

खरं सांगायचं तर मी त्याच्या प्रेमात पडले होते. लहान मुलीसारखी, कान पकडून शाळेत बसवली तरी खिडकीबाहेर बघणारी. आणि गंमत अशी की सहलीची जी जी गोष्ट ठरत होती, ती माझ्या जन्माची हौस पुरवत होती आणि तीच मला मेहकरच्या लोकांपुढे नेऊन बसवत होती. धर्मशाळेचं उत्तर आलं. तिकिटं निघाली. मी टाळ्या वाजवल्या, आणि मेहकरचे लोक यायला किती दिवस उरले ते मनात मोजलं. मायला दिलेला शब्द मी त्याला सांगितला नव्हता. कसा सांगणार... आणि का सांगणार? त्यानं तरी मला कुठं काय म्हटलं होतं.

सांगितलं ते गीताबाईंनी, अगदी सहज. तिरुनेलवेलीहून कन्याकुमारीला मोटार कशी जाते ते तो नकाशावर बोट ठेवून समजावत होता. गीताबाई लाडानं म्हणाल्या, अन्नपूर्णाला सगळं नीट दाखवा हो, लग्नाआधीची शेवटची सहल तिची, मेहकरचं स्थळ ठरल्यात जमा आहे.

त्याचं बोट नकाशावर होतं तिथंच राहिलं. "बरं झालं," तो म्हणाला. मग पुढचं सगळं त्यानं समजावलं, पण दोनदा कन्याकुमारीच्या जागी रामेश्वर म्हणाला. माझ्याकडे त्यानं पाहिलं नाही. जाताना टोपी पायरीवरच विसरला, आणि ती न्यायला परत आला नाही.

पुढच्या गुरुवारी तो आला नाही. उकंडराव आले. पोरगा पान्यावर अडकला, असं सांगून त्यांनी घडी केलेले चार कागद दिले. माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं आणि टोपी घेऊन गेले.

बैठकीत वाचून दाखवायचं काम माझं. मी वाचू लागले. अक्षर शाळकरी, ओळी तिरप्या. दुपारी अकरा ते चार बाहेर पडू नये. पाणी उकळलेले प्यावे, मीठ-लिंबू जवळ ठेवावे. सुती, पातळ, सैल कपडे, दिवसातून दोनदा बदलावे. ओले कपडे पिशवीत ठेवू नये, बुरशी धरते. समुद्रात गुडघ्याच्या वर जाऊ नये, लाट परत जाताना ओढते. असे एकेक करून चौथ्या कागदावर आले. "मद्रासला पहिल्याच दिवशी पहाटे चारला उठावे. अंधारात चालत जावे. शेवटच्या वळणावर अन्नपूर्णाबाईंना सगळ्यांच्या पुढे करावे. समुद्र त्यांना सगळ्यांच्या आधी दिसला पाहिजे. त्यांनी लय..."

पुढचं माझ्याच्यानं वाचवेना. गीताबाईंनी माझ्या हातातून कागद घेतला, चष्मा सावरला, आणि मनातल्या मनात शेवटची ओळ वाचली. ती त्यांनी कुणालाच वाचून दाखवली नाही. कागद घडी करून माझ्या हातात ठेवला, आणि पुढची बैठक नको म्हणाल्या. ओळ एवढीच होती: "त्यांनी लय वर्षे वाट पाहिली आहे, वाट पाहणे काय असते ते मला माहीत आहे."

घरी जाऊन मी मायला पत्र लिहिलं. मी सहलीला जात नाही, म्हणून तू मेहकरच्या लोकांना बोलावू नकोस. तुझं-माझं ठरलं होतं ते फिटलं. दोनच ओळी, पण लिहायला संध्याकाळ गेली. गीताबाईंना सांगितलं तेव्हा त्या चिडल्या नाहीत. तिकीट निघालंय, मोटार सुटेपर्यंत तुझी जागा ठेवते, एवढंच म्हणाल्या. मग आठ दिवस मी वेड्यासारखे काढले. जन्मभराचा समुद्र मी सोडून दिला होता, आणि बदल्यात हातात काय होतं? एका शाळकरी अक्षराच्या माणसाची एक ओळ. त्यात त्यानं माझा हात मागितला नव्हता. मला समुद्र नीट दिसावा, एवढंच मागितलं होतं. आणि तो मळ्यातून बाहेरही पडत नव्हता.

निघायचा दिवस आला. मोटार दुपारी चारची. सकाळी दहाला पोस्टमननं मायचं कार्ड आणून दिलं. माय मोठ्या अक्षरात, मोजकं लिहिते.

"चि. अन्नपूर्णास आशीर्वाद. तू लहानपणापासून समुद्र समुद्र करत होतीस. तो सोडला म्हणजे कोणीतरी आहे. मेहकरला मी नाही कळवते, त्याची काळजी करू नको. त्या माणसाचे नाव, गाव, धंदा लगेच कळव. कोणी नसेल तर मुकाट्याने गाडीत बस."

मी कार्ड तीनदा वाचलं. माझी माय मला डोणगावात बसून ओळखत होती, आणि मी इथं दोन महिने स्वतःला फसवत होते. पण नाव कळवायचं तर ते ज्याचं आहे त्याला विचारायला हवं. मी पदर डोक्यावर घेतला आणि भर दुपारी मळ्याकडे निघाले. रस्ता तापला होता. वाटेत दोनदा परत फिरावंसं वाटलं. नाही म्हणाला तर? मेहकर ठरलं असं समजून त्यानं मन काढून घेतलं असेल तर? तसं असेल तर चारच्या मोटारीत बसायचं, आणि समुद्रासमोर उभं राहून त्याच्याशिवाय तो बघायचा. ते मला सगळ्यात अवघड वाटलं.

दारात चपला काढल्या. तो आत वाफ्यात पाणी वळवत होता. मला बघून उभा राहिला. पंधरा दिवसांत बारीक झाला होता.

"गाडी?" त्यानं विचारलं.

"चारला आहे."

"मंग?"

मी कार्ड पुढं केलं. त्यानं हात धोतराला पुसले, कार्ड काठाला धरलं, वाचलं. परत वाचलं. वाचता वाचता त्याचा चेहरा पडत गेला, आणि माझ्या लक्षात आलं की या माणसाला काही म्हणजे काही कळलेलं नाही.

"कोन हाय तो?" तो अगदी हळू आवाजात म्हणाला.

चिडावं की रडावं ते समजेना. "तेच विचारायला आले," मी म्हटलं. "मायला आज कळवायचं आहे. कुणी आहे... की मी गाडीत बसू?"

पाटाचं पाणी वाहत होतं. वर पानांत कुठंतरी एक पाखरू हललं. तो माझ्याकडे बघत होता, आणि त्याला बोलायला काही सुचत नव्हतं. मी वाट पाहिली.

"हाय," तो म्हणाला. मग घसा साफ करून, पाठ करून आणल्यासारखा, "लिहा. इंद्रभान उकंडराव ढगे. राहनार जळगाव जामोद. धंदा पानमळा." खाली पडलेलं खोरं उचललं. "पोस्टातल्या त्या दिवसापासून हाय. ह्ये लिहाचं तं लिहा, नाई तं राहू द्या."

मी मान हलवली. डोळे भरून आले.

"आनखी येक लिहा," तो गंभीरपणे म्हणाला. "उन्हाळ्यात कुठीच नेऊ शकत नाई. तुमच्या मायले फसवाचं नाई." मग एकदम त्याला आठवलं. "पन तुमी जा नं आज. आजून येळ हाय. समुद्र पाहून या. मी कुठी जातो? मी इथंच हाय."

"एकटीनं नाही बघायचा मला."

"येकटी कुठी? सात जन हाय."

"तुम्ही धरून सात आहेत का?"

तो नुसता डोळ्यांनी हसला, आणि पहिल्यांदाच मला त्या हसण्याचा राग आला नाही. खाली बसून त्यानं पाटाचं तोंड मातीनं बंद केलं, पुन्हा उघडलं. खाली बघतच म्हणाला, "आषाढात पानी द्या लागत नाई. झड लागली का येलाले माझी गरज नाई. पंधरा दिवस सुटता येते. तवा तिकडं पाऊस नाई राहत, ऊनच राहते. घामबी येईन."

"येऊ दे."

"रुमाल वाळनार नाई."

"नको वाळू दे."

तिथंच, वेलीखाली उभी राहून, मी हिशेब केला. दोन महिने सहलीचं वेळापत्रक आखलं होतं, ती सवय कुठं जाणार. आषाढात जायचं. आषाढात लग्नं लागत नाहीत. म्हणजे... आणि मी मनातलं मोठ्यानं बोलून गेले, "म्हणजे ज्येष्ठातच करावं लागेल."

"काय?"

माझे कान तापले. त्यानं बोटांवर महिने मोजले, एकदा, दोनदा, आणि त्याच्या हातातलं खोरं पाटात पडलं. वाफ्याचं तोंड फुटलं, पाणी सगळीकडे पसरलं, आणि विहिरीकडून उकंडराव ओरडले, लक्ष कुठी हाय बे तुहं.

चारची मोटार माझ्याशिवाय सुटली. गीताबाईंनी खिडकीतून माझ्याकडे पाहिलं, माझ्या चिखलानं भरलेल्या पायांकडे पाहिलं, आणि हसून हात हलवला. मोटार नांदुऱ्याच्या वळणावर दिसेनाशी झाली. मला वाटलं होतं की मी रडेन. थोडी रडलेही.

मग पोस्टात गेले आणि एक कार्ड घेतलं. नाव, गाव, धंदा लिहिला. खाली थोडी जागा उरली होती, तिथं बारीक अक्षरात लिहिलं, "माय, मुहूर्त ज्येष्ठातलाच पाहा. आषाढात आम्हाला समुद्राला जायचं आहे."